विशेषणं खोडा, हिशेब मांडा

‘मी गडचिरोली या नक्षलग्रस्त, आदिवासीबहुल आणि अतिदुर्गम जिल्ह्यातून आलो आहे.’

बिझनेस स्कूलच्या अर्जासोबत जो निबंध द्यावा लागतो, त्याचं हे ठरलेलं पहिलं वाक्य. मुलगा असो की मुलगी, नोकरी पुण्यात असो की बंगळुरूत, लिहायला बसलं की पेनातून आधी हेच उतरतं. चंद्रपूरचा असेल तर ‘नक्षलग्रस्त’च्या जागी ‘प्रदूषणग्रस्त’ येतं, एवढाच फरक. वाक्य खोटं नाही. पण ते लिहिणाऱ्याचं नाही. तिन्ही विशेषणं शासन निर्णयांतून आणि बातम्यांच्या मथळ्यांतून उचललेली असतात. राज्याच्या उद्योग धोरणात गडचिरोलीला चौथंही एक विशेषण मिळालेलं आहे: ‘विनाउद्योग जिल्हा’. कारखानदारांना जादा सवलती देण्यासाठी केलेला तो एक वर्ग. पण व्यवस्थापन शिकायला निघालेल्या पोरानं तो मनाला लावून घेतला, की त्याला वाटू लागतं, आपल्याकडे सांगण्यासारखा व्यवहारच नाही. आहे ती फक्त गरिबी. मग तो निबंधात गरिबी सांगतो आणि वाचणाऱ्याच्या मनात जागा होतो तो फक्त कळवळा. कळवळ्यावर प्रवेश मिळत नाही.

या दोन जिल्ह्यांतल्या मुलांना निबंधासाठी जो ऐवज घरबसल्या मिळालेला आहे, तो महानगरातल्या मुलाला मागूनही मिळणार नाही. तो ओळखायचा कसा आणि कागदावर मांडायचा कसा, हे या प्रकरणात पाहू.

निबंध मागतं कोण?

आधी एक घोळ निस्तरू. आयआयएमच्या दोन वर्षांच्या एमबीएचा मुख्य दरवाजा म्हणजे कॅट. तिथे घरून निबंध लिहून पाठवण्याला फारसं स्थान नाही. मात्र बऱ्याच आयआयएम मुलाखतीच्या टप्प्यावर लेखी चाचणी घेतात. तिला ‘वॅट’ म्हणतात. विषय समोर येतो आणि साधारण वीस-तीस मिनिटांत आपलं म्हणणं मांडायचं असतं. तिथे कस लागतो तो विचाराच्या मांडणीचा.

खरा निबंध लागतो तो नोकरीचा अनुभव घेऊन येणाऱ्यांना. आयआयएम अहमदाबादचा एक वर्षाचा कार्यक्रम, हैदराबाद आणि मोहालीची आयएसबी, आणि परदेशातल्या जवळजवळ सगळ्या नावाजलेल्या संस्था निबंध मागतात. स्टॅनफर्ड अनेक वर्षं एकच साधा दिसणारा प्रश्न विचारत आली आहे: तुमच्या लेखी सर्वांत मोलाचं काय, आणि का? हार्वर्डनं 2024 मध्ये एका मोठ्या मोकळ्या निबंधाऐवजी तीन छोटे प्रश्न आणले, प्रत्येकी 250 ते 300 शब्दांचे. एमआयटीची स्लोन संस्था निबंधाऐवजी सुमारे 300 शब्दांचं पत्र मागते, नोकरीसाठी लिहितो तसं. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला चार निबंध लागतात: नेतृत्व, माणसं जोडणं, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढची दिशा.

आणि ही परीक्षा फक्त साहेबाच्या देशात होते असंही नाही. राज्याच्या मुख्यमंत्री फेलोशिपच्या निवडीत निबंध असतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं 2006 पासून चालवलेल्या ‘निर्माण’ या युवा उपक्रमाचा अर्जही स्वतःबद्दल विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांचाच असतो, आणि तो जातो गडचिरोलीजवळच्या शोधग्रामात. म्हणजे इथे जे सांगतो आहे, ते एकदा हाताला लागलं की बऱ्याच अर्जांना पुरतं.

वाचणारा काय शोधतो?

तुमचे गुण, पगार, कंपनीचं नाव, परीक्षेतला आकडा हे सगळं अर्जाच्या बाकी रकान्यांत आलेलंच असतं. निबंधात तेच पुन्हा सांगणं म्हणजे पाहुण्याला तोच चहा दुसऱ्यांदा गरम करून देणं. वाचणाऱ्याला हवं असतं ते आकड्यांत न मावणारं: हा माणूस अडचणीच्या जागी निर्णय कसा घेतो? समोर दोन वाटा होत्या तेव्हा काय सोडलं, काय धरलं, का? आणि निर्णय चुकला तेव्हा त्याच्या लक्षात कधी आलं?

सोडणं आणि धरणं. व्यवस्थापनाच्या वर्गात पुढे दोन वर्षं शिकवतात ते बहुतेक यातच येतं. त्याचं एक चोख उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यातच आहे.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाच्या हातात दोन वस्तू आल्या, बांबू आणि तेंदूपत्ता. तेंदू म्हणजे भर उन्हाळ्यातला रोख पैसा. शेतात काम नसतं तेव्हा दोन-तीन आठवडे पहाटे जंगलात जायचं, सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. दोन्ही जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांचा पावसाळ्याचा बाजारहाट या पैशावर होतो. तरीही पाचगावच्या ग्रामसभेनं तेंदू तोडणं बंद केलं. कोवळी पानं जास्त फुटावीत म्हणून झुडपं छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, त्यात बाकीचं जंगल जातं. शिवाय त्या पानाची होते विडी. गावानं बांबूवर भर दिला, तो स्वतः कापला, स्वतः विकला.

हा निर्णय बरोबर की चूक, यावर वाद घालता येईल, आणि म्हणूनच निबंधासाठी तो नमुना म्हणून पाहावा. त्यात सोडलेली वस्तू खरी आहे. ‘मी आळस सोडून मेहनत धरली’ असं लिहिणारा काहीच सोडत नाही, कारण आळस कुणाला हवाच नव्हता. हाताशी आलेला रोख पैसा सोडणं हे खरं सोडणं. आपल्या निबंधाला ही कसोटी लावा: मी जे सोडलं, ते सोडताना कुणाला तरी त्रास झाला का? नसेल झाला, तर तो निर्णय नव्हता, ती फक्त घडलेली गोष्ट होती.

छंदांच्या रकान्यातली गोष्ट

आता एक नमुना रचून पाहू. समजा, एक मुलगा आहे, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातला. इंजिनिअरिंग झालं, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत चार वर्षं झाली. त्याच्या पहिल्या खर्ड्यात असं आहे:

‘लहानपणापासूनच मला नेतृत्वाची आवड होती. कंपनीत मी पाच जणांच्या चमूचे नेतृत्व करून अत्यंत आव्हानात्मक प्रकल्प वेळेत पूर्ण केला. यातून मला संघभावनेचे महत्त्व कळले.’

आणि अर्जाच्या तळाशी, छंदांच्या रकान्यात: ‘क्रिकेट, वाचन, गावच्या नाट्य मंडळाचे काम.’

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागाच्या, बाहेरच्या वाचकाला या शेवटच्या चार शब्दांत काय दडलंय ते कळणार नाही. दिवाळीची भाऊबीज झाली की या भागात गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात. घरोघर पाहुणे येतात आणि रात्री नाटक लागतं, ते पार पहाटेपर्यंत चालतं. नाटक कंपन्यांचं मोठं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. गावचं मंडळ कंपनीशी रक्कम ठरवून तारीख धरतं, मंडप घालतं, तिकिटं लावतं. खर्च वजा जाता उरलं तर मंडळाचं, नाही उरलं तर वर्गणीतून भरायचं. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातले कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. हा नुसता करमणुकीचा मामला नाही. यात कंत्राट आहे, जोखीम आहे, तिकिटाचा दर आहे, शेजारच्या गावाशी स्पर्धा आहे. विनाउद्योग म्हटलेल्या भागात दर हिवाळ्यात हा उद्योग उभा राहतो आणि होळीच्या सुमारास मिटतो.

आपल्या मुलाला विचारलं, ‘मंडळात तू नक्की काय केलंस?’ तर तो म्हणतो, ‘काही नाही हो, तारखांचा जरा घोळ होता, तो मिटवला.’ तो घोळच निबंध आहे. दुसरा खर्डा असा उतरू शकतो:

‘ज्या रात्री मी आमची तारीख शेजारच्या गावाला देऊन टाकली, त्या रात्री मंडळात मला कुणी चहा विचारला नाही. मागच्या वर्षी तीन किलोमीटरच्या आत एकाच रात्री दोन नाटकं लागली होती आणि दोन्ही मंडळं तोट्यात गेली होती. प्रत्येकाला मंडईचीच रात्र हवी होती, कारण तेव्हा पाहुणे असतात. मी दोन्ही गावांच्या तिकिटांच्या वह्या एकाशेजारी एक ठेवल्या. प्रेक्षक कमी झाले नव्हते, वाटले गेले होते. आम्ही एक रात्र मागे सरकलो. बदल्यात पुढच्या वर्षीची पहिली रात्र त्यांनी आम्हाला लिहून दिली. त्या वर्षी तोटा झाला नाही. पण खर्च वाचवायला मी कंपनीशी घासाघीस केली होती, आणि ज्या नटासाठी लोक आले होते तो आलाच नाही, त्याच्या जागी दुसरा उभा राहिला. ठरावात नटाचं नाव लिहून घ्यायचं मला सुचलं नव्हतं.’

यात ‘नेतृत्व’ हा शब्द नाही, ‘आव्हानात्मक’ नाही, ‘संघभावना’ही नाही. पण वाचणाऱ्याला दिसतं की हा मुलगा भांडण मिटवायला वही उघडतो; समोरच्याला आधी देतो पण फुकट देत नाही; आणि स्वस्तात केलेली खरेदी कुठे महाग पडते, ते त्याला एका फसलेल्या रात्रीनं शिकवलं आहे. प्रत्यक्ष निबंधात याला तिकिटांचे खरे आकडे जोडावेत. ‘बरेच प्रेक्षक’ म्हणण्यापेक्षा वहीतला आकडा बोलका असतो.

नाटकाचं मंडळ प्रत्येकाकडे नसेल, पण अशी वही प्रत्येक घराच्या आसपास सापडते. नागभीड-सिंदेवाहीकडच्या राईस मिलमध्ये ओलसर धान नाकारायचं की भाव पाडून घ्यायचं, हा रोजचा प्रश्न असतो. ताडोबाच्या मोहर्ली दारावर गाईडची पाळी कशी लावायची, यावर घरात बोलणं झालेलं असतं. बल्लारपूर किंवा घुग्घुसच्या घरात वडिलांच्या पाळीनं जेवणाच्या वेळा ठरवलेल्या असतात आणि कायम कामगार नि कंत्राटी कामगार यांच्यातला फरक पोरानं शाळेच्या वयातच पाहिलेला असतो.

हलाखीचंही तसंच. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. हे वाक्य एवढ्यावर थांबलं तर ते बातमी होतं. पण त्याच गावात किराणा दुकान असलेल्या घरातली मुलगी जर लिहील, की पावसाळ्याआधी मीठ किती भरायचं, तेल किती, आणि उधारी कुणाची थांबवायची हे आईबाबा कसं ठरवत, तर तिनं साठ्याचं शास्त्र पुराच्या पाण्यात उभं राहून शिकलेलं आहे हे न सांगता कळतं. पूर तोच असतो. पहिल्या वाक्यात तो तिच्यावर येतो, दुसऱ्यात ती त्याच्या तयारीला लागलेली असते.

‘मी’ म्हणायची लाज

इथे आपल्याकडची मुलं अडतात. ‘मी केलं’ लिहायला हात रेटत नाही, म्हणून ‘आम्ही केलं’ येतं. घरात, गावात, ग्रामसभेत ‘आम्ही’च शोभतं, ‘मी मी’ करणाऱ्याला लोक नावं ठेवतात. मग कोचिंगवाला सांगतो, ‘मी’ लिही, आणि पोरगा एकदम दुसऱ्या टोकाला जातो: सगळ्या गावाचं काम एकट्याच्या नावावर.

यातली मधली वाट समजायला नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे आठवावेत. शाळा जेमतेम तिसरीपर्यंत, जमीन तुटपुंजी. 1983 च्या सुमारास ‘पटेल 3’ जातीच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या. असं काही वर्षं चाललं. त्यातून जो बारीक तांदूळ हाती आला, त्याला बाजारात त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडलं. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावानं वाण प्रसारित केलं. तांदूळ लाखो ताटांत पोचला. श्रेय आणि पैसा मात्र खोब्रागड्यांपर्यंत त्या मानानं फार थोडा आला. त्यांच्या कामाची दखल राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठाननं घेतली, 2010 मध्ये ‘फोर्ब्स’च्या यादीत त्यांचं नाव आलं, आणि 2018 च्या जूनमध्ये ते आजारपणात गेले.

या हकिकतीत क्रियापदांकडे बघा: दिसलं, बाजूला काढलं, जपलं, पुन्हा लावलं. यातलं एकही क्रियापद बढाईचं नाही, आणि एकही दुसऱ्याचं नाही. निबंधात ‘मी’ लिहायचा तो असा, हातांनी केलेल्या कामापुढे. ‘मी गावाचा कायापालट केला’ ही बढाई. ‘मी दोन्ही वह्या समोर ठेवल्या’ ही माहिती. बाकीच्यांनी जे केलं त्याला ‘आम्ही’ म्हणावं किंवा कुणी केलं ते सांगावं. ग्रामसभेचा बांबू तुम्ही विकलेला नसेल, फक्त लिलावाचा तक्ता संगणकावर भरला असेल, तर तक्ताच लिहा. श्रेय हुकलं की काय होतं, हे ज्या मातीनं इतक्या जवळून पाहिलं, तिथल्या पोरानं तरी दुसऱ्याचं श्रेय आपल्या नावावर लावू नये.

यात व्यवहारही आहे. अर्जासोबत वरिष्ठांची शिफारसपत्रं जातात आणि पुढे मुलाखत होते. तीन कागदांवर तीन वेगळी माणसं दिसली की वाचणाऱ्याला ते कळतं.

परत येईन, पण कधी?

दुसरा मोठा प्रश्न असतो पुढचा बेत. एमबीए का, आत्ताच का, इथेच का? आपल्याकडून हमखास येणारं उत्तर: ‘शिक्षण पूर्ण करून मी माझ्या जिल्ह्याची सेवा करण्यासाठी परत येईन.’ भावना खरी असेल. पण अमेरिकेतल्या नामांकित संस्थेत दोन वर्षांचा खर्च कोटीच्या पुढे जातो आणि बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज असतं. वाचणाऱ्यालाही हे गणित येतं. कर्जाचा हप्ता कुठून येणार हे न सांगता केलेली सेवेची भाषा त्याला पोकळ वाटते.

त्यापेक्षा खरं लिहावं. पहिली पाच-सात वर्षं कुठे काम करायचं आहे, त्यातून नेमकं काय हाताला लागेल, आणि त्यातलं काय इकडे उपयोगी पडेल. नाटकाच्या मंडळाचं उदाहरण धरलं, तर तो मुलगा लिहू शकतो की त्याला छोट्या उत्पादकांना एकत्र बांधणाऱ्या कंपनीत काम करायचं आहे, कारण एकमेकांचं गिऱ्हाईक खाणारे शेजारी एका ठरावावर कसे येतात, हा प्रश्न त्याला सोडत नाही. परत यायचं की नाही, ते मग वाचणाराच ओळखतो.

‘इथेच का’ला उत्तर देताना संस्थेच्या माहितीपत्रकातली वाक्यं त्यांनाच परत पाठवू नयेत. तिथल्या एखाद्या माजी विद्यार्थ्याशी बोलावं, अभ्यासक्रमाची यादी बसून वाचावी आणि आपल्या प्रश्नाशी जुळणारे दोन-तीन विषय नेमके सांगावेत. एक सोपी चाचणी आहे: परिच्छेदातलं संस्थेचं नाव बदलून दुसरीचं घातलं तरी मजकूर चालतो का? चालत असेल, तर तो अजून लिहिलेलाच नाही.

आधी मराठीत

निबंध इंग्रजीत जायचा असतो, आणि मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला तिथेच धडकी भरते. त्या धडकीपोटी तो जड इंग्रजी शब्द जमवतो. माझा सल्ला उलटा आहे. पहिला खर्डा मराठीत लिहा, शक्यतो हातानं, आणि पानठेल्यावर मित्राला सांगता तसा. तुमच्या भागात बांधी, पऱ्हे, रोवणी, बोडी म्हणत असतील तर तेच शब्द येऊ द्या. गोष्ट जिथे रंगते, तिथे खूण करा. मग ती साध्या, लहान वाक्यांत इंग्रजीत न्या. ग्रामसभा, मंडई, फळी असे शब्द तसेच ठेवून पुढे अर्ध्या ओळीत अर्थ सांगितला तरी चालतो; उलट त्यानं वाचणाऱ्याला पायाखाली जमीन मिळते. व्याकरण कुणाकडून तपासून घ्यावं, त्यात कमीपणा नाही. पण शाळेतल्या निबंधाची एक सवय इंग्रजीत नेऊ नका: सुरुवातीचा सुविचार. थोरामोठ्यांच्या वचनानं सुरू होणारा निबंध म्हणजे स्वतःच्या लग्नात दुसऱ्याचा फोटो लावणं.

पैसे घेऊन निबंध लिहून देणारे आता जिल्ह्याच्या गावीही भेटतात, आणि मोबाइलमधलं यंत्र तर फुकट लिहून देतं. दोन्ही ठिकाणी मिळणारा माल गुळगुळीत असतो, कारण त्यांना तुमच्या वहीतला आकडा माहीत नसतो. शिवाय अनेक संस्था उचललेला मजकूर तपासतात आणि यंत्राच्या वापराबद्दल त्यांचे नियम असतात. ते अर्जाआधी वाचावेत.

मदत घ्यायची कशी, यासाठी मेंढा-लेखाची रीत चांगली आहे. धानोऱ्याच्या वाटेवरचं हे गाव ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे माहीत असतं. 2009 मध्ये त्याला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पण त्यामागे होता अनेक वर्षं बसत आलेला अभ्यासगट. अभ्यासगटात कुणीही यावं, बाहेरचा जाणकारही यावा, प्रश्न विचारावेत, कायदा वाचावा. निर्णय मात्र तिथे होत नाही. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीनं. निबंधालाही असा चार जणांचा अभ्यासगट जमवावा: एक तुम्हाला लहानपणापासून ओळखणारा, एक तुमच्या कामातला, एक इंग्रजी नीट जाणणारा, आणि एक तुम्हाला अजिबात न ओळखणारा. चौघांनी फक्त प्रश्न विचारायचे. पेन तुमच्याच हातात ठेवायचं.

एकट्यानं हे जमत नसेल तर वाटा आहेत. राजू केंद्रे यांनी उभी केलेली एकलव्य इंडिया फाउंडेशन घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाला निघालेल्या मुलांना अर्जापासून मार्गदर्शन करते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची योजना आहे. त्यांच्या अटी आणि तारखा संस्थेच्या तारखांशी आधीच ताडून पाहाव्यात.

तारखांवरून आठवलं. अमेरिकेतल्या बहुतेक संस्थांची पहिली फेरी सप्टेंबरात असते, दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे रोवणी आटोपल्यावर पहिली आणि धान घरात आल्यावर दुसरी. पहिल्या फेरीत जायचं तर मृग लागायच्या आत वही शोधायला लागावं. एका चांगल्या निबंधाला पाच-सहा खर्डे सहज लागतात, आणि दोन खर्ड्यांमध्ये आठवडाभर कागद मिटून ठेवला तर आपलीच खोट आपल्याला दिसते.

शेवटची परीक्षा

खर्डा तयार झाला की लाल पेन घ्या आणि जिल्ह्याला, गावाला, स्वतःला लावलेलं प्रत्येक विशेषण खोडा. नक्षलग्रस्त, मागास, होतकरू, जिद्दी, सगळी. खाली काय उरतं ते वाचा. एखादी वही, एखादी तारीख, कुणीतरी न विचारलेला चहा उरला असेल, तर निबंध आहे. काहीच उरलं नसेल, तर गावी फोन लावा आणि मंडळाच्या जुन्या चिटणिसाशी बोला.

मग अभ्यासगटातल्या त्या चौथ्याला, तुम्हाला न ओळखणाऱ्याला, ते पान वाचायला द्या. ‘छान लिहिलंय’ असं तो म्हणाला, तर अजून काम बाकी आहे असं समजा. तो पान खाली ठेवून विचारेल, ‘मग पुढच्या वर्षी त्यांनी पहिली रात्र खरंच दिली का?’, तर अर्ज पाठवायला हरकत नाही. मुलाखत घेणाराही बहुधा तेच विचारेल.